ओढ की सोड

९ जून

भाच्यास,

मामाचा आशीर्वाद आहेच, पण तो पहिल्या ओळीतच देऊन मोकळा होतो. पुढे जे लिहायचं आहे त्यात आशीर्वादाला जागा नाही.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर राग आला की मला शब्द सापडत नाहीत, नुसता खोकला येतो, आणि तू "मामा, नंतर बोलू" म्हणून ठेवून देतोस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही.

काल तुझ्या दादाला, माझ्या पोराला, इथल्या दवाखान्यात आणलं. गाडीवाला प्रत्येक खड्ड्याआधी "सांभाळा" म्हणायचा आणि मग बरोबर त्याच खड्ड्यात घालायचा. पोरगा ओठ चावून पडून होता. डॉक्टर म्हणतात कंबरेचं हाड जुळेल, पायांचं आत्ताच सांगता येणार नाही. मी अधूनमधून हळूच त्याच्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढतो. माझा हात हललेला बघून तो विचारतो, "बाबा, पायाला हात लावलात का?" मी म्हणतो, "नाही रे, चादर सरळ केली." एवढं खोटं मी उभ्या जन्मात बोललो नसेन.

तू तिकडच्या दवाखान्याच्या जिन्यात मला जे सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. मला नीट समजलंय का बघ. माझी शाळा सहावीपर्यंतची, आणि पुढचं आयुष्य शिवणयंत्रापुढे गेलं. बांधकामातलं मला काय कळणार? दादा वर परांचीवर होता, त्या लोखंडी नळ्या आणि फळ्यांच्या मचाणावर, चौथ्या मजल्याला. खाली दोर धरून तो लांबोडा, ज्याला तुम्ही सगळे बगळा म्हणता. दोर कप्पीवरून जातो, आणि त्याला टांगलेल्या लाकडी पाळण्यातून फरशा वर जातात. पाळणा फळीखाली अडकला म्हणून आमचा ओरडला, "ओढ!" आणि त्या बगळ्याने ऐकलं, "सोड!" आणि दिला सोडून. याच्या दोन्ही हातांत पाळणा. पाळण्याबरोबर हाही खाली आला, दुसऱ्या मजल्याच्या फळ्यांवर आपटला.

कान आहेत की काजं? काजाला तरी एक बटण कळतं.

या माणसाचं तू काय करणार आहेस ते मला लिही. तू तिथला सेफ्टी ऑफिसर आहेस, माणसं जपणं हेच तुझं काम. त्याला पोलिसांत दे. त्याच्यामुळे माझा पोरगा अंथरुणात पडला आहे आणि तो कुठेतरी पाय पसरून जेवत असेल. तुझ्या मामीने दोन दिवस धड खाल्लेलं नाही.

तुझा मामा


१७ जून

आदरणीय मामांस,

पाया पडतो. मामींनाही सांगा.

पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. लहानपणी दादा आणि मी एका ताटात जेवलेलो आहोत, हे मी विसरलो असेन असं मनात आणू नका. बगळ्याला त्याच दिवशी कामावरून काढलं आहे. मोठ्या साहेबांनी स्वतः तुमची विचारपूस केली. तुमचं पत्र मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, बापाचं दुःख आहे, आणि माणसाने मुद्द्याचं लिहिलं आहे.

पुढच्या महिन्यात सरकारी निरीक्षक बाई चौकशीला येणार आहेत. घरच्यांचं म्हणणं काय, असं त्या विचारतील. तुम्ही मला जे लिहिलंत तेच एका वेगळ्या कागदावर थोडक्यात लिहून पाठवाल का? "दोर धरणाऱ्याच्या चुकीमुळे माझा मुलगा पडला. बाकी कोणाविषयी तक्रार नाही." एवढंच, आणि खाली सही.

आणखी एक गोष्ट, फक्त तुमच्यापुरती. दादाने पट्टा घातला होता, पण त्याचा आकडा कुठे अडकवलेला नव्हता. हे कागदावर आलं तर उद्या दोष त्याच्यावरच यायचा. मी आहे तोवर ते येणार नाही. तुम्ही निश्चिंत राहा.

दादाला जास्त बोलू देऊ नका. विश्रांती महत्त्वाची.

आपला भाचा


२२ जून

भाच्यास आशीर्वाद.

कागद सोबत आहे. दोनदा लिहिला. पहिल्यावर माझा घाम पडून शाई पसरली. "बाकी कोणाविषयी तक्रार नाही" ही ओळ तुझ्या सांगण्यावरून घातली, आणि खरंच कोणाविषयी असणार? पट्ट्याचं तू झाकलंस ते बरं केलंस. हा पोरगा लहानपणापासून तसाच. सदऱ्याचं वरचं बटण कधी लावलं नाही, तर आकडा काय लावणार!

आता मुख्य गोष्ट. तो आला होता.

दादाला परवाच घरी आणलंय. बाहेरच्या खोलीत खाट टाकली आहे. काल दुपारी दारात हा उंच माणूस, हातात केळी. मी विचारलं, "कोण पाहिजे?" तर म्हणतो, "मी खाली होतो." मला आधी कळेना. म्हटलं, "खाली कुठे? खालच्या मजल्यावर भाडेकरू नाही." मग त्याने दोन्ही हात असे पुढे केले, दोर धरल्यासारखे. तळहात सोलवटलेले होते.

बाळा, मी काय काय बोललो ते लिहिता येणार नाही. आळीतली माणसं खिडकीत आली. मी म्हटलं, "बहिऱ्या, माझ्या पोराचे पाय आणलेस का पिशवीत?" तो एवढंच म्हणाला, "मशीन चालू होतं, बाबा." मी म्हटलं, "बाबा कोणाला म्हणतोस?" आणि दार लावलं. केळी उंबऱ्यावर ठेवून गेला. मी ती गायीला घातली, तर तुझी मामी माझ्यावरच चिडली, म्हणे माणूस एवढ्या उन्हात आला, पाणी तरी विचारायचं. बायकांचं हे असं असतं.

आतून दादाने विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "चुकून आला होता कोणी."

पण हे मशीन कोणतं? तू सांगायचास ती सामान वर न्यायची लिफ्ट का? ती चालू होती तर मग दोर कशाला? मला आपलं उगाच काहीतरी लागून राहतं. एका ओळीत कळव म्हणजे झोप लागेल.

मामा


२ जुलै

आदरणीय मामांस,

पाया पडतो. कागद मिळाला, साहेबांना दिला. अक्षर छान आहे.

मशीनचं काय विचारता! साइटवर मशीनं असतातच, बाजारात आवाज असतो तसं. चूक अंगाशी आली की प्रत्येकजण कशावर तरी ढकलतो. त्या माणसाला घरात घेऊ नका. दादाला त्रास होईल असं काही तो बोलेल.

निरीक्षक बाई २५ तारखेला येतील. तुमचा कागद आहे, त्यामुळे तुम्ही एवढा प्रवास करायची गरज नाही. इथे धूळ फार आहे, तुमचा खोकला वाढेल.

घाईत आहे.

भाचा


९ जुलै

सेफ्टी ऑफिसर साहेबांस,

नमस्कार कोणी कोणाला करायचा ते आता मला कळेनासं झालं आहे, म्हणून तो करत नाही.

मी दादाला माझ्या कागदाची नक्कल वाचून दाखवली. मला वाटलं त्याला बरं वाटेल, बाप स्वस्थ बसला नाही म्हणून. तो ऐकत होता. वाचून झालं तेव्हा तो भिंतीकडे बघत होता.

"बाबा, कटर चालू होता."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, कटर. फरशी कापायचा. बगळ्यापासून हातभर लांब."

"मग त्याला ऐकू कसं येणार?"

"नाहीच येत. तोंडाकडे बघून ओळखायचं."

"चार मजल्यांवरून? तोंडाकडे बघून?"

"ऊन डोळ्यांवर नसलं तर दिसतं."

साहेब, मी उठलो आणि मोरीतल्या आरशासमोर उभा राहिलो. "ओढ" म्हणून बघितलं. "सोड" म्हणून बघितलं. दोन्ही वेळेला तोंडाचा चंबू सारखाच. पुन्हा पुन्हा म्हटलं. तुझी मामी आत आली आणि म्हणाली, "अहो, काय झालं तुम्हाला?" आरशात माझं तोंड बघून मलाच कळेना, मी पोराला वर ओढतोय की खाली सोडतोय.

आणि हे मला आधी सुचायला नको? माझं उभं आयुष्य शिवणयंत्राशी गेलं. यंत्र चालू असताना तुझी मामी "चहा" म्हणाली की "जा" म्हणाली हे मला कधी कळलं नाही. कितीदा चहा सोडून बाहेर निघून गेलो आहे! तेवढंसं पायाचं यंत्र ते. आणि तिथे दगड कापतात.

मग मी विचारलं, "पट्ट्याचा आकडा का नाही अडकवलास रे?"

"कशाला अडकवू? कबुतराच्या पायाला? तार ताणायची होती आकड्यांसाठी. आलीच नव्हती."

"आणि लिफ्ट?"

"बंद. पावसाळ्याआधी भिंत पुरी करायची म्हणून दोरावर काम चालू होतं."

"हे कोणाला सांगितलं होतंस?"

तर पाणी मागितलं. पाणी पिऊन झालं तरी पेला सोडेना. मग म्हणाला, "सांगितलं होतं त्याला. म्हटलं, माल वर घेताना तरी कटर बंद ठेव. तो म्हणाला, दादा, एवढा मजला होऊ दे. तुम्ही त्याला काही बोलू नका, बाबा. त्याची नोकरी नवी आहे."

ज्याचे पाय गेले तो तुझी नोकरी सांभाळतोय! आणि तू माझ्याकडून काय लिहून घेतलंस? बाकी कोणाविषयी तक्रार नाही! माझ्या रागाचं कापड घेऊन तू तुझ्या साहेबाचा कोट शिवलास. आणि वर पट्ट्याचं मी झाकतो म्हणून उपकार! तू पोराला झाकत नव्हतास, न आलेली तार झाकत होतास.

बगळ्याच्या घरी जाऊन आलो. दोन बस बदलाव्या लागल्या. त्याची बायको म्हणाली, आता कुठल्याच कामावर घेत नाहीत, मुकादम विचारतो, "तोच ना तू, दोर सोडणारा?" दोर सोडणारा हेच त्याचं नाव झालंय. तो स्वतः मला काय म्हणाला सांगू? म्हणाला, "बाबा, मी खरंच चुकीचं ऐकलं असेल." रात्रंदिवस तेच घोळवतो. दोर सुटताना तो पुन्हा धरायला गेला, म्हणून हात सोलले. हे तू मला जिन्यात सांगितलं नव्हतंस.

माझा कागद मला परत पाठव. आजच्या आज.


१४ जुलै

मामा,

तुम्ही लिहिलंत ते वाचून मीही आता साहेबी भाषा बाजूला ठेवतो.

सेफ्टी ऑफिसर म्हणजे काय, असं तुम्हाला वाटतं? मी हेल्मेट वाटतो. पाट्या लावतो. कोणी पाहुणे आले की त्यांना नारिंगी जाकीट घालायला देतो. काम थांबवायचा अधिकार माझा आहे असं कागदावर आहे. एकदा थांबवलं होतं, तर तासाभरात वरून फोन आला. कटरचं मी साहेबांना बोललो होतो. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "कटर बंद केला तर फरशी दातांनी कोण कापणार, तुझा मामा?" सगळे हसले. मीही हसलो. काय करणार होतो?

तार मागवली होती. लिफ्टचं सांगितलं होतं. रोज रोज तेच सांगणारा माणूस कोणाला आवडत नाही. मी गेलो तर माझ्या जागी दुसरा येईल आणि तो एवढंही सांगणार नाही.

दादा मला काय आहे हे तुम्ही मला शिकवू नका.

कागद परत देता येत नाही. तो फाइलला लागला आहे. सुनावणीला यायचं तर या, तुम्हाला कोण अडवणार. पण बगळ्याला आणू नका. त्याला बघून साहेब भडकतील आणि सगळ्यांचंच नुकसान होईल.


२८ जुलै

भाच्यास,

सुनावणीच्या दिवशी तू लगेच निघून गेलास, आणि मलाही बस गाठायची होती. म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहितो. दादाने सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, त्यामुळे मला आता तोंडपाठ आहे.

बगळ्याला आणू नका म्हणालास, म्हणून आणला. फाटकावरच्या माणसाने त्याला अडवलं तेव्हा मी म्हटलं, "हा माझ्याबरोबर आहे, माझा खोकला धरायला."

तुमच्या त्या पत्र्याच्या ऑफिसात निरीक्षक बाईंनी माझा कागद पुढे केला. त्यांना सर्दी झाली होती, सारखा रुमाल नाकाला. "आजोबा, सही तुमची?" मी म्हटलं, "सही माझी, अक्षर माझं, अक्कल दुसऱ्याची." तुझे मोठे साहेब हसले. म्हणाले, "मॅडम, म्हातारपणी माणूस रोज वेगळं बोलतो. तेव्हा ताजं ताजं लिहिलं होतं, तेच खरं." बाळा, खरं सांगतो, तिथून पळून जावंसं वाटलं. एवढ्या टेबलाला एवढी माणसं, सगळ्यांचे बूट चकचकीत, आणि माझी एक चप्पल बसमध्ये तुटलेली. तू खिडकीतून बाहेर बघत होतास.

बाईंनी बगळ्याला विचारलं, "तू काय ऐकलंस?" तो म्हणाला, "सोड." साहेब म्हणाले, "झालं! कबूलच करतोय."

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "बाई, मला ती जागा दाखवा. नुसती जागा. आणि ते मशीन चालू करा." साहेब म्हणाले, आज कटरचा माणूस नाही. तर कटर त्याच क्षणी बाहेर सुरू झाला! ज्याला सांगायचं राहिलं होतं त्याने नेहमीच्या वेळेला बटण दाबलं असणार. बाई रुमालाआडून हसल्या असं मला वाटलं. उठल्या.

बाहेर काय आवाज तो! दात हलायला लागले. धुळीत तो दोर तसाच लोंबत होता, वर फरशांनी भरलेला पाळणा कप्पीला बांधून ठेवलेला. मी कोणाला न विचारता सरळ गेलो आणि दोर धरला, बगळा धरायचा तसा. वर बघितलं. कोणी एक माणूस फळीवर उभा होता, उन्हात काळा ठिपका. त्याला तोंड आहे की नाही हेही दिसेना.

मग डाव्या बाजूला तू दिसलास. तू ओरडत होतास. हात हलवत होतास, मान ताणली होती, तोंडाचा चंबू केला होतास. तुझा आवाज मी तू पाळण्यात होतास तेव्हापासून ओळखतो, आणि मला एक अक्षर कळलं नाही. मला वाटलं तू म्हणतोयस, "सोड." मी दोर सोडला. नशीब, पाळणा वर बांधलेला होता. मग तू धावत आलास, माझा दंड धरलास आणि मला मागे फरफटत नेलंस. माझी उरलेली चप्पलही तिथेच राहिली.

बाईंनी हात करून कटर बंद करवला. सगळं गपगार झालं. बाई तुझ्या शेजारीच उभ्या होत्या ना, त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी तुला विचारलं, "तुम्ही आत्ता काय ओरडलात?"

तू हेल्मेट काढून हातात घेतलंस.

त्याच म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात, मामा, तिथे उभे राहू नका, वरून पडलं तर मराल."

साहेब म्हणाले, "मॅडम, ते वयस्कर आहेत म्हणून."

बाईंनी बगळ्याकडे बोट केलं आणि तुलाच विचारलं, "हा रोज कुठे उभा असायचा?"

आणि तू बोट दाखवलंस. माझी चप्पल पडली होती तिथे. बाईंनी ते लिहून घेतलं, तुझ्या नावासकट. दोरावरचं काम त्यांनी तिथल्या तिथे बंद करवलं. बगळ्याला म्हणाल्या, "तुमचे कान चांगले आहेत." तो रडला. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून पुन्हा रडला आणि मला म्हणाला डोळ्यात धूळ गेली.

आता तुझ्या नोकरीचं काय होईल, हे मला विचारू नकोस. तुझी मामी काळजी करते, दादा तर म्हणतो, त्याला आपल्याकडे बोलावून घ्या. येत असलास तर ये, खाट आहे, ताट आहे. दादाच्या उजव्या अंगठ्याला चिमटा कळतो असं तो परवा म्हणाला. खरं बोलला की मला बरं वाटावं म्हणून, ते माहीत नाही.

पण तू आल्यावर तुझ्याशी मी गोड बोलेन असं समजू नकोस. आळीत सगळे म्हणतात, बघा, वेळ आली तेव्हा भाचा मामासाठी कसा धावला! त्यांना काय कळतंय. धावला म्हणूनच तर माझं डोकं भडकतं. तिथे माणूस मरू शकतो हे तुला माहीत होतं. तुझ्या पायांना, गळ्याला, हातांना, सगळ्याला माहीत होतं. माझ्यासाठी तुला साहेबांची परवानगी लागली नाही. एवढे दिवस तिथे परक्याचा पोर उभा होता, वर तुझा दादा होता, आणि तू त्यांच्यासमोरून रोज हेल्मेट घालून जात होतास.

मामा